साथ आली म्हणून मनाचा दवाखाना बंद नको

मागच्या पाठात आपण पिण्याच्या पाण्याविषयी वाचले. या पाठात मनाच्या आजाराविषयी वाचायचे आहे. साथीच्या रोगात अशा आजारी माणसाची गैरसोय कशी होते आणि ती कशी टाळावी, हे आपण पाहू. पाठ थोडा मोठा आहे. सावकाश वाचा. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत वाचा. घरात कोणी ऐकणारे असेल, तर मोठ्याने वाचून दाखवा.

१. मनालाही आजार होतो

ताप आला की अंग तापते. पाय मोडला की सूज दिसते. मनाचा आजार असा हाताला लागत नाही. कोणाची झोप उडते. कोणाचे जेवणावरचे मन जाते. कोणाला उगीच धडधड होते, तर कोणाच्या कानात कोणी नसताना आवाज येतात. कोणाला जगणेच नकोसे वाटते.

घरचे म्हणतात, 'सोंग करतोय.' शेजारी म्हणतात, 'बाहेरचं काहीतरी लागलंय.' या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. वेळेवर उपचार मिळाले तर पुष्कळ माणसे बरी होतात. ज्यांचा आजार पुरता जात नाही, तीही औषध चालू ठेवून शेती करतात, नोकरी करतात, मुलेबाळे सांभाळतात.

बेंगळुरू येथे निम्हान्स ही मोठी संस्था आहे. तिने २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली. तेव्हा असे दिसले, की प्रौढ माणसांत १०० पैकी १० ते ११ जणांना मनाचा किंवा व्यसनाचा आजार होता. त्यांपैकी बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. निरनिराळ्या आजारांत हे प्रमाण १०० मध्ये ७० ते ९२ इतके होते. आपल्या देशात एक लाख लोकांमागे मनाचा एक डॉक्टरही पुरता येत नाही. म्हणजे साथ येण्याच्या आधीच ही वाट अरुंद होती.

२. साथ आली तेव्हा काय झाले

कोरोनाची साथ आपल्या सर्वांना आठवते. २५ मार्च २०२० पासून सगळा देश बंद झाला. महाराष्ट्रात तर दोन दिवस आधीच संचारबंदी लागली होती. एसटी उभी राहिली. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी एसटी पुन्हा सुरू झाली ती २० ऑगस्ट २०२० रोजी. म्हणजे मध्ये जवळजवळ पाच महिने गेले.

कागदावर पाहिले तर दवाखाने आणि औषधांची दुकाने चालू होती. त्यांना बंदीतून सूट होती. पण प्रत्यक्षात काय झाले? पुष्कळ मोठ्या रुग्णालयांनी बाहेरच्या रुग्णांची तपासणी थांबवली. दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची ओपीडी २४ मार्च २०२० पासून बंद झाली. कोठे खाटा कोरोनासाठी घेतल्या, कोठे डॉक्टर आणि परिचारिका कोरोनाच्या कामाला लावल्या.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका खेड्यात एक बाई आहे. तिला आपण पारूबाई म्हणू. पारूबाईला पूर्वी कानात आवाज येत. ती रात्री-अपरात्री घर सोडून जाई. जिल्ह्याच्या रुग्णालयात तिला दर महिन्याला एक इंजेक्शन मिळू लागले. दोन वर्षे तिने संसार नीट चालवला. मग एसटी बंद झाली. जिल्ह्याचे गाव ६० किलोमीटर दूर. खासगी गाडीला पास लागे. एक इंजेक्शन चुकले, दुसरे चुकले. तिसऱ्या महिन्यात पारूबाई पुन्हा रात्री उठून चालू लागली. आता सांगा, यात पारूबाईचा काय दोष? डॉक्टरांचा तरी काय दोष? औषध होते, डॉक्टर होते, आजारी माणूसही औषध घ्यायला तयार होते. तुटला होता तो मधला रस्ता.

अशा पारूबाई गावोगावी होत्या. ही अडचण आपल्याच देशात होती असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली १३० देशांकडून माहिती मागवली. त्यांपैकी ९३ टक्के देशांत मनाच्या आजारावरची कोणती ना कोणती सेवा अडली किंवा बंद पडली होती. समोर बसून धीर देण्याचे, बोलून उपचार करण्याचे काम तर १०० पैकी ६७ देशांत अडले होते. दुसऱ्या बाजूला आजार वाढत होता. साथीच्या पहिल्या वर्षात जगात उदासी आणि चिंता यांचे आजार सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे याच संघटनेने २०२२ साली सांगितले. गिऱ्हाईक वाढले आणि दुकान बंद, असे झाले.

३. दार बंद करण्यामागे कारण होते

कोणी म्हणेल, सरकारने आणि डॉक्टरांनी हे उगीच केले का? नाही. भीती खरी होती. दक्षिण कोरिया देशात चोंगदो नावाच्या गावी एक रुग्णालय आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे मनाच्या रुग्णांच्या विभागात कोरोना शिरला. शंभराच्या आसपास रुग्ण होते. जवळजवळ सगळ्यांना लागण झाली आणि काही जण दगावले. माणसे दाटीने राहत होती आणि हवा खेळत नव्हती. बंद खोलीत अशी साथ फार लवकर पसरते.

म्हणून काळजी घेणे योग्यच होते. पण काळजी घेणे वेगळे आणि दार लावून घेणे वेगळे. प्रसूतीची वेळ आली तर साथीतही दार उघडावे लागते, कारण बाळंतपण थांबत नाही. मनाचा आजारही थांबत नाही. जो माणूस जीव द्यायला निघाला आहे, त्याला 'साथ संपल्यावर या' असे सांगता येत नाही.

४. फोनचा उपाय

२५ मार्च २०२० याच दिवशी भारत सरकारने फोनवरून आणि व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याचे नियम जाहीर केले. त्याआधी याविषयी स्पष्ट नियम नव्हते. पुढच्याच महिन्यात ई-संजीवनी नावाची सरकारी ओपीडी फोनवर सुरू झाली. त्यानंतर १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली-मानस ही सेवा सुरू झाली. तिचा नंबर १४४१६ आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते. हा नंबर वहीत लिहून ठेवा.

फोनचा उपयोग झाला हे मान्य केले पाहिजे. ज्यांना एका दिवसाची मजुरी बुडवून आणि तिकीट काढून शहरात जावे लागे, त्यांचे पैसे वाचले. जुन्या रुग्णाचे औषध चालू ठेवता आले. घाबरलेल्या माणसाला धीराचे चार शब्द ऐकता आले.

पण फोनने सगळे काम होत नाही. का होत नाही, ते नीट समजून घेऊ.

एक: फोन सर्वांपाशी नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर कुटुंबांची पाहणी केली. त्यात असे दिसले, की स्वतः वापरता येईल असा मोबाइल १०० पैकी सुमारे ५४ स्त्रियांपाशीच होता. बाकीच्यांनी काय करायचे? नवऱ्याचा किंवा मुलाचा फोन मागायचा. आणि दुखणे त्या नवऱ्याच्या मारझोडीचेच असेल तर? बंदीच्या दिवसांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे अशा तक्रारी वाढल्या होत्या. जिचा छळ करणारा माणूस शेजारी बसला आहे, ती फोनवर काय बोलणार?

दोन: सुई फोनमधून टोचता येत नाही. पारूबाईसारख्यांना दोन ते चार आठवड्यांनी इंजेक्शन लागते. काही औषधांना रक्ताची तपासणी लागते. लिथियम नावाचे औषध आहे. ते रक्तात फार झाले तर अपाय होतो, म्हणून मधूनमधून रक्त तपासावे लागते. क्लोझापीन या औषधात सुरुवातीला दर आठवड्याला रक्त पाहतात. शिवाय नशेच्या वर्गात मोडणारी औषधे फोनवरून लिहून देण्यास त्या नियमांत मनाई होती. ती योग्यही होती, कारण अशा औषधांचा गैरवापर होतो.

तीन: डॉक्टर नुसते ऐकत नाहीत, पाहतात. रुग्ण किती वाळला आहे? हात थरथरतो का? मनगटावर जखम आहे का? तोंडाला दारूचा वास येतो का? बोलताना मान खाली जाते का? फोनवर यातले पुष्कळसे निसटते.

चार: फोनवर एकांत नसतो. याविषयी आम्हाला माहीत असलेली एक हकीगत सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी शहरात कामाला आहे. त्याचे नाव येथे लिहीत नाही. एका खोलीत पाच माणसे राहतात. त्याला उदासीचा आजार होता आणि गोळ्या चालू होत्या. बंदीच्या काळात डॉक्टर त्याला फोन करत. फोन आला की म्हातारी आई, बायको, दोन पोरे सगळी तोंडाकडे बघत बसत. डॉक्टर विचारत, 'जीव द्यावासा वाटतो का?' हा म्हणे, 'नाही साहेब, बरा आहे.' चार महिने असेच गेले. मग दवाखाना उघडला. डॉक्टरांनी बरोबरच्या माणसांना बाहेर बसवले, दार लोटले आणि तोच प्रश्न विचारला. तो पुष्कळ वेळ गप्प राहिला आणि मग ढसाढसा रडला. विहिरीपर्यंत जाऊन दोनदा परत आलो, असे त्याने सांगितले. पुढे औषध बदलले, दर आठवड्याला भेट ठरली. आज तो कामावर जातो.

आम्ही त्याला विचारले, 'अरे, फोनवर का नाही सांगितलंस?' तो म्हणाला, 'गुरुजी, कसं सांगू? पोरं ऐकत होती.'

या एका वाक्यात फोनचे सगळे उणेपण आले. डॉक्टर तोच, प्रश्न तोच, रुग्णही तोच. फरक एवढाच, की दार लोटलेली एक खोली मिळाली.

५. दारू एकदम बंद झाली तेव्हा

दारूचे व्यसन वाईट, हे आपण मागे वाचले आहे. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पितो, त्याची दारू एकाएकी तुटली तर तो जिवाच्या धोक्यात येतो. प्रथम हात कापतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. दोन-तीन दिवसांत काहींना झटके येतात. काहींना भलतेसलते दिसू लागते, दिवस-रात्र कळत नाही. अशा माणसाला दवाखान्यातच न्यावे लागते. तेथे औषध देऊन दारू सुरक्षितपणे सोडवता येते.

मार्च २०२० मध्ये देशातली दारूची दुकाने बंद झाली. केरळ राज्यात काही व्यसनी माणसांनी जीव दिला. ३० मार्च रोजी तेथील सरकारने हुकूम काढला, की डॉक्टरची चिठ्ठी असेल त्याला दारू द्यावी. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. दारू हे काही या आजाराचे औषध नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. २ एप्रिल रोजी केरळच्या उच्च न्यायालयाने तो हुकूम स्थगित केला.

यातून काय शिकायचे? त्या माणसांना बाटली नको होती आणि 'बरे झाले, सुटली' असा टोमणाही नको होता. त्यांना हवी होती दवाखान्यातली खाट, औषध आणि समोर बसलेला डॉक्टर.

६. कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्याविषयी २०१७ साली नवा कायदा झाला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

सरकारी खर्चाने चालणाऱ्या दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. सरकारी यादीतली जरुरीची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत फुकट आणि सर्व काळ मिळाली पाहिजेत. अंगाच्या आजाराला जशी रुग्णवाहिका मिळते, तशीच मनाच्या आजारालाही मिळाली पाहिजे. रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. एखाद्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, तर तो फार मोठ्या ताणाखाली होता असे कायदा धरून चालतो. त्याची काळजी घेणे आणि त्याच्यावर उपचार करणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

साथ आली की हा हक्क थांबतो, असे या कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. 'सर्व काळ' या शब्दांत साथीचा काळही येतो. ग्रामसभेत किंवा दवाखान्यात बोलताना हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे.

७. पुढची साथ येण्यापूर्वी काय करावे

साथ सांगून येत नाही. म्हणून तयारी आधीच हवी.

ज्या घरात मनाचा रुग्ण आहे, त्या घराने एक वही करावी. तिच्यात औषधाचे नाव, ते किती मिलिग्रॅमचे, सकाळी किती, रात्री किती, पुढच्या इंजेक्शनची तारीख आणि दवाखान्याचा फोन लिहावा. चिठ्ठी इंग्रजीत असेल, तर डॉक्टरांना किंवा दुकानदाराला विचारून औषधाचे नाव मराठीत लिहून घ्यावे. ही वही पोलिसाला दाखवता येते, दुसऱ्या गावच्या डॉक्टरला दाखवता येते. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. हे काम तुमच्या हातचे आहे.

औषध मनाने बंद करू नये. बरे वाटते म्हणून नाही आणि गाडी मिळत नाही म्हणूनही नाही. संपण्याच्या दहा दिवस आधी हालचाल करावी. अडचणीच्या दिवसांत थोडे जास्त दिवसांचे औषध देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. पण रुग्णाच्या मनात मरणाचे विचार येत असतील, तर गोळ्या दुसऱ्याने सांभाळाव्यात आणि थोड्याथोड्या द्याव्यात. पिकावर फवारायचे औषध कुलपात ठेवावे.

इंजेक्शन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेता येईल का, हे आधीच विचारावे आणि तशी चिठ्ठी लिहून घ्यावी. म्हणजे ६० किलोमीटरची वाट ६ किलोमीटरची होते.

मरणाचे विचार येतात का, असे आपल्या माणसाला सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट त्याला बोलायला वाट मिळते. तो 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ ला फोन करावा आणि दवाखान्यात घेऊन जावे.

गावानेही काही करावे. आशाताईंना अशा घरांची माहिती असावी, पण ती चावडीवर बोलायची गोष्ट नव्हे. साथीत गाड्या बंद असतील, तेव्हा गावातली एखादी गाडी अशा रुग्णांसाठी ठरवून ठेवावी. शाळेची एक खोली किंवा मोकळी पडवी ठरवावी. तेथे बाहेरून आलेले डॉक्टर रुग्णाशी एकट्याने बोलू शकतील. ज्याला घरी एकांत नाही, त्याला तेथे बसून फोनवरही बोलता येईल.

दवाखान्यांकडे आपली मागणी साधी आहे. गर्दी टाळायची तर वेळ वाटून द्या. खोली कोंदट असेल तर झाडाखाली खुर्च्या मांडा. मास्क लावा, अंतर ठेवा. जुन्या आणि बऱ्या असलेल्या रुग्णांशी फोनवर बोला, म्हणजे अडलेल्या रुग्णांना समोर बसवायला वेळ मिळेल. पण दार पुरते लावू नका.

मराठीत साथ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक साथ रोगाची आणि दुसरी सोबतीची. पहिली आली म्हणजे दुसरी तुटता कामा नये, एवढेच या पाठाचे सांगणे.

लक्षात ठेवा

मनाचा आजार हा आजार आहे. त्याला उपचार आहेत.
औषध एकाएकी बंद करू नये.
फोन कामाचा आहे, पण समोरासमोरची भेट त्याने भरून निघत नाही.
रोज खूप पिणाऱ्याची दारू तुटली आणि त्रास झाला, तर त्याला दवाखान्यात न्यावे.
टेली-मानसचा नंबर १४४१६.

प्रश्न

१. पारूबाईचे इंजेक्शन का चुकले?
२. डॉक्टरांना समोरून दिसते, पण फोनवर दिसत नाही, अशा तीन गोष्टी सांगा.
३. जुन्या विद्यार्थ्याने फोनवर खरे का सांगितले नाही?
४. घरातल्या कोणत्याही आजारी माणसासाठी औषधाची वही तयार करा आणि ती वर्गात वाचून दाखवा.
५. तुमच्या गावाहून जिल्हा रुग्णालय किती दूर आहे? गाडी बंद असेल तर कसे जाल? आपसात चर्चा करा.

शब्दांचे अर्थ

संचारबंदी: घराबाहेर फिरण्यास सरकारने केलेली मनाई.
एकांत: दुसरे कोणी ऐकत नाही अशी जागा किंवा वेळ.
स्थगित करणे: पुढचा निर्णय होईपर्यंत थांबवणे.
ओपीडी: रुग्णाला दाखल न करता तपासण्याची रुग्णालयातली जागा.